चौदा पायऱ्या

"शनिवारी साडेसातला वाचन आहे. शाळेच्या हॉलवर ये."

गेल्या वर्षी ऑगस्टात दिग्दर्शकांचा हा फोन आला तेव्हा मी दोनदा विचारलं, "दादा, वाचनाला? मी?" बारा वर्षं झाली, सांगली-मिरजेकडच्या हौशी संस्थांना मी प्रकाशयोजना करून देते. आमचा घरचा धंदा मंडप-डेकोरेशनचा, त्यामुळे वायर, होल्डर, शिडी हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. पण या बारा वर्षांत मला वाचनाला कुणी बोलावलं नव्हतं. लाइटवाल्यांना बोलावतात ते प्रयोगाच्या चार दिवस आधी. तोवर नाटक बसलेलं असतं, हालचाली पक्क्या झालेल्या असतात, नेपथ्य रंगवून वाळत घातलेलं असतं. एक सलग तालीम दाखवतात आणि सांगतात, "इथे रात्र आहे, निळा टाक. इथे आजीवर स्पॉट घे. बाकी तुझं तू बघ." पार्श्वसंगीत करणाऱ्या पोरांचीही हीच गत. मग आम्ही आपापलं बघतो आणि प्रयोगात ते कळतंच. निळा एकीकडे, बासरी दुसरीकडे, नट तिसरीकडेच.

त्या शनिवारी हॉलमध्ये पोचले तर सगळेच आलेले. नेपथ्य करणारे गुरुजी (हे चित्रकलेचे शिक्षक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली), संगीताचा पोरगा, कपडेपट बघणाऱ्या काकू, नटमंडळी आणि कोपऱ्यात फाइल मांडीवर घेऊन लेखक.

नाटक २०१९ च्या महापुराचं होतं. लेखक पाटबंधारे खात्यात आहेत. त्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी तासातासाला टिपून ठेवणाऱ्यांत ते होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसं "तेव्हा इथवर आलं होतं, याच्यावर येत नाही" म्हणत घरात थांबली आणि अडकली. लेखकांचं गावभागातलं घरही तसंच अडकलं. हे ऑफिसात आकडे लिहितायत, घरचे माडीवर. नाटकात फक्त ती माडी होती. आजी, मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि खालच्या खोलीतून वर आलेला भाडेकरू. जिना चौदा पायऱ्यांचा. प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला कंसात एकच ओळ: पाणी दुसऱ्या पायरीवर. पाणी सहाव्या पायरीवर. पाणी अकराव्या पायरीवर.

वाचन संपल्यावर दादांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. "पाणी कुठंय?"

गुरुजी म्हणाले, डाव्या विंगेत जिना, पाणी आत, दिसणार नाही. संगीताचा पोरगा म्हणाला, सबंध नाटकभर खळखळ ठेवतो. लेखक म्हणाले, पाणी संवादात आहे. मी म्हणाले, लाटा मी आणते. सगळ्या भिंतीभर आणते.

माझ्या डोक्यात तापस सेन होते. १९५९ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांनी 'अंगार' केलं. कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि मजूर बुडतात असा त्याचा शेवट. ते चढतं पाणी तापस सेन यांनी नुसत्या उजेडावर उभं केलं होतं. आमच्या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी हे सांगतंच. मला ज्यांनी शिडीवर चढवलं त्यांनी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून असा एक पूर आपल्याही हातून व्हावा ही इच्छा मनात होती. त्या रात्री घरी जाऊन मी आईची पितळी परात काढली. तळाला आरशाचे तुकडे एम-सीलने चिकटवले, वर तीन बोटं पाणी घातलं आणि तिरका हॅलोजन मारला. पाण्याला बोट लावलं की समोरच्या भिंतीवर लाटा. मी हरखून गेले होते.

दादांनी लाटा पाहिल्या, "मस्त आहे," म्हणाले आणि पुढे म्हणाले, "पण लोक तुझ्या लाटा बघतील. आजीकडे कोण बघणार?"

मला राग आला. आठवडाभर तालमीला गेले नाही. नंतर गेले ती संगीताच्या पोराने फोन केला म्हणून. "ताई, या तरी. माझी खळखळपण काढून टाकली."

मी परत गेले त्याच दिवशी ती गोष्ट झाली. तालीम शाळेच्या व्यासपीठावर चालायची. नातीचं काम करणारी मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. जिना अजून तयार नव्हता, म्हणून ती व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून बसली, आमच्याकडे तोंड करून. फळ्याखालचा खडू उचलला आणि "बघू किती उरल्या" म्हणत खाली टाकला. खडू फरशीवर पडून तुटला. ती वाकून बघत राहिली. आम्ही खाली खुर्च्यांवर बसलो होतो आणि ती आमच्याकडे बघत होती. आमच्या अंगावरून पाण्याकडे.

गुरुजींनी मांडीवरचं थर्माकोलचं मॉडेल उचललं, डावीकडचा जिना मोडला आणि पुढच्या कडेला धरला. "जिना इकडे उतरतो. पाणी हॉलमध्ये."

कुणीच काही बोललं नाही. दादांनी मुलीला विचारलं, "खडू का टाकलास?" ती म्हणाली, "खोली कशी कळणार? विहिरीत टाकतात ना तसं."

इथून पुढचे दोन महिने आम्ही सगळे त्या खडूच्या मागे होतो.

पहिली अडचण पायऱ्यांची. गुरुजींच्या हिशोबात तीन फुटांची लेव्हल (रंगमंचावरचा उंच चौथरा) बसत होती, म्हणजे पायऱ्या पाच. लेखक म्हणाले, चौदा. गुरुजी म्हणाले, चौदा पायऱ्यांची लेव्हल केली तर आजीचं डोकं झालरीत जाईल. लेखक ऐकेनात. "माझ्या घराला चौदा आहेत, गुरुजी. अकराव्यावर आलं तेव्हा माझ्या आईने देव बांधून घेतले. पाचात मी ते कसं लिहू?" आवाज चढले. गुरुजी मितभाषी माणूस, पण ते त्या दिवशी बोर्डावर आकृती काढता काढता खडू टाकून निघून गेले.

उत्तर मिळालं ते संगीताच्या पोराकडून. तो लेखकांच्या घरी गेला. सोबत रेकॉर्डर, गोट्यांची पिशवी आणि एक घमेलं. जिना लाकडी. त्याने वरून गोटी सोडली आणि तिचा प्रत्येक ठोका टिपला. टक, टक, टक, टक. मग घमेल्यात पाणी घालून ते दुसऱ्या पायरीवर ठेवलं, सहाव्या पायरीवर ठेवलं, अकराव्यावर ठेवलं, तेराव्यावर ठेवलं. प्रत्येक वेळी गोटी. रात्री त्याने आम्हाला ते ऐकवलं. आधी बारा ठोके आणि डुबुक. मग आठ आणि डुबुक. मग तीन. मग एक. लेखक खुर्चीतून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "कंसातल्या ओळी काढून टाका. सुनेचं ते 'पाणी वाढतंय' पण काढा. सगळीकडचं काढा."

तर पायऱ्या दिसायला पाच, ऐकायला चौदा.

पण आवाज आधी भरलेला आणि गोटी मुलीच्या हातात, दोन्ही एका क्षणाला जुळायला हवं. गुरुजींनी पहिल्या पायरीच्या मागे एक फट ठेवली आणि आत गोधडीचा तुकडा भरला, गोटी तिथे मुकाट पडायची. मुलगी हात मोकळा करणार तेव्हाच पहिला टक वाजायचा. आणि आमच्याकडे संगीतवाला बसतो विंगेत. तिथून त्याला मुलीची पाठ दिसते, हात दिसत नाही. मी बसते हॉलच्या मागे, मला हात दिसतो. विंगेतल्या मुलाला मी खूण करणार कशी? आम्ही मोबाइल लावून पाहिला, एका ठोक्याइतका उशीर व्हायचा. शेवटी त्याचा लॅपटॉप माझ्या शेजारी आणला आणि आमच्या दुकानातून तीस मीटरची केबल ओढली. एवढं साधं. पण इतकी वर्षं एकाच प्रयोगात काम करून मी एकाही संगीतवाल्याच्या शेजारी बसलेले नव्हते. शेजारी बसल्यावर मला कळलं की तो क्यूच्या, म्हणजे आवाज सोडायच्या खुणेच्या, आधी श्वास रोखतो. मग माझाही फेड, उजेड हळूहळू चढवणं-उतरवणं, त्याच्या श्वासावर जायला लागला.

काकूंचं माझ्याशी भांडण झालं ते साडीवरून. आजीला त्यांनी वांगी रंगाची, हिरव्या काठाची साडी काढली होती. माझ्या गडद निळ्या जेलखाली (जेल म्हणजे लाइटपुढे लावायचा रंगीत कागद) ती चक्क काळी दिसत होती, काठासकट. काकू कापडाचे सात-आठ तुकडे घेऊन आमच्या दुकानात आल्या. एकेका जेलखाली धरून बघत दुपार गेली. शेवटी मी निळा फिका केला आणि त्यांनी साडी राखाडीवर आणली, काठ तेवढा तांबूस. ओल दाखवायला खरं पाणी वापरायचं त्यांच्या मनात होतं. त्याला मी साफ नाही म्हटलं. रंगमंचावर केबल पसरलेल्या असतात, तिथे ओला पदर नको. मग त्यांनी सुनेच्या एकाच साडीच्या तीन प्रती केल्या. पहिली कोरडी, दुसरी घोट्यापर्यंत गडद रंगवलेली, तिसरी गुडघ्यापर्यंत. अडीच मिनिटांत बदलायची, विंगेत, अंधारात.

आता माझ्या परातीचं.

ती दुकानात पडून होती. एकदा चहाच्या वेळी कुणीतरी सहज विचारलं, ताई, तुमच्याकडे पाणी कधी आलं? मी सांगितलं. आम्हीही माडीवरच होतो, आई, बाबा आणि मी. खाली गोदामात बाबांचं सगळं मंडपाचं कापड, माळा, जनरेटर. पाऊस थांबल्यावर एक दिवस ऊन पडलं. पाणी अजून तेवढंच होतं. सकाळी डोळे उघडले तर वर तक्तपोशीवर उजेड हलत होता. खालच्या पाण्यावर पडलेलं ऊन खिडकीतून उलटं वर येत होतं आणि सगळ्या तुळयांवर सोनेरी जाळं नाचत होतं. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नव्हतं. आणि त्याच पाण्याखाली बाबांची तीस वर्षं होती. बाबाही वरच बघत होते. आम्ही दोघं एकमेकांशी काही बोललो नाही. मला लाज वाटत होती, की मला हे आवडतंय.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चहा पिता पिता निघून गेलं तोंडातून. लेखक माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "पुन्हा सांग. तक्तपोशीवर कुठून कुठे?"

नाटकाच्या शेवटी तेव्हा बोट येत होती आणि आजीचं दीड पानाचं स्वगत होतं. नदीशी बोलणं, कृष्णामाई, काय काय. आजी करणाऱ्या बाईंचं ते पाठ झालं होतं आणि त्या ते फार चांगलं करायच्या. पुढच्या तालमीला लेखक नवीन पान घेऊन आले. त्यावर चार ओळी. पाऊस थांबतो. ऊन पडतं. आजी वर बघते. नात विचारते, "काय बघतेस?" आजी सांगत नाही. पडदा.

बाईंनी पान वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या थेट माझ्याकडे. "उजेड किती वेळ असणार? मला तेवढ्या वेळात दीड पान बघायचंय."

घाईही होती. नाटक स्पर्धेत उतरणार होतं, आणि त्याआधी संहिता परवानगीसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जायची होती. एकदा ती गेली की शेवट बदलता येणार नव्हता.

पण लाटा पडायला छत हवं, आणि नेपथ्यात छत नव्हतं. ते मीच मागितलं. गुरुजींनी हिशोब केला आणि मला विचारलं, "देतो. पण ते वरच्या दोन नंबरच्या बारला, लाइटच्या दांड्याला, टांगावं लागेल. तुझे वरचे लाइट जातील. चालेल?" वरचे लाइट म्हणजे माझा अर्धा प्लॅन. आठ पार, म्हणजे मोठ्या झोताचे दिवे, होते तिथे. मी रात्रभर कागदावर खाडाखोड केली आणि सगळं विंगांतून, आडव्या बाजूने आणायचं ठरवलं. आडवा उजेड चेहऱ्याची एक बाजू काळी ठेवतो. मला ते नको होतं. तालमीत पाहिलं तेव्हा लक्षात आलं की माडीवर एकाच खिडकीच्या उजेडात चार दिवस बसलेली माणसं अशीच दिसतात. छत आलं नसतं तर मी हे केलं नसतं.

गुरुजींची आणि माझी एक चकमक मात्र वाईट झाली. त्यांनी भिंतींना पांढराशुभ्र चुना दिला. गावभागातल्या जुन्या घराची भिंत चुन्याचीच असते हे खरं, पण तिच्यावर उजेड आपटून परत यायचा आणि माझी रात्र दुपार व्हायची. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही भिंत काळी करा नाहीतर लाइट दुसऱ्या कुणाला सांगा." हे बोलायला नको होतं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी स्कूटर घेऊन दारात. मला मागे बसवून त्यांनी मारुती चौकाजवळच्या दोन-तीन जुन्या घरांत नेलं. भिंतींवर पुराची खूण अजून होती, छातीच्या वर, आणि तिच्याखाली चुना पिवळट, करडा, पापुद्रे सुटलेला. "एवढी ओल चढवली तर पुरेल?" त्यांनी विचारलं. त्यांनी चुन्यात नीळ घातली, चहाचं पाणी फिरवलं, खाली काजळी पुसली. फक्त वरचा हातभर भाग पांढरा ठेवला. माझ्या रात्री अंधारल्या आणि त्यांचं घर चुन्याचंच राहिलं.

५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, आम्ही तालमीच्या हॉलमध्येच नटराजाची पूजा केली आणि नारळ वाढवला. १८४३ साली याच तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. पदं त्यांची, मांडणी त्यांची, आणि लाकडाच्या बाहुल्या करणारा हातही त्यांचाच. नारळाचे तुकडे वाटताना गुरुजी म्हणाले, "एकाच माणसात सगळं होतं, बरं होतं. भांडायचं कुणाशी?" काकू म्हणाल्या, "स्वतःशी भांडत असतील."

स्पर्धेचा प्रयोग नोव्हेंबरअखेर. सकाळी नाट्यगृह ताब्यात मिळालं, दुपारपर्यंत लेव्हल लागल्या, छत चढलं. दोन डिमर चालेनात, मी चार लाइट एकावर घेतले. परात छताच्या खाली, लेव्हलच्या मागे ठेवली, जवळ हजार वॉटचा एक पार. पाणी हलवायचं कुणी? टेबल फॅन लावून पाहिला होता, त्याच्या लाटा एकसारख्या, यंत्रासारख्या यायच्या. हात हवा होता. शेवटच्या प्रवेशात मुलगा बोटीला हात करायला गेलेला असतो, म्हणून ते काम करणारा नटच परातीशी बसला. घोटाभर ओल रंगवलेली पँट, गुडघे पोटाशी, आणि एक बोट पाण्यात.

तिसरी घंटा झाली. पहिली गोटी, बारा ठोके, डुबुक. हॉलमध्ये खोकला, कुजबुज, नेहमीचं. दुसऱ्या गोटीला कुजबुज नव्हती. तिसऱ्या गोटीला लोक ठोके मोजत होते. मला मागून ओठ दिसत नव्हते, पण तीन झाल्यावर डुबुक वाजलं तेव्हा पुढच्या सात-आठ रांगा एकदम मागे टेकल्या.

चौथ्या वेळी मुलीने हात पुढे केला आणि गोटी सोडलीच नाही. तालमीत ती इतकी कधी थांबली नव्हती. संगीताच्या पोराचं बोट बटणावर, त्याचा श्वास रोखलेला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला, बाकी काही सुचलं नाही. आम्ही दोघं एका मुठीकडे बघत होतो. दहा आकडे तरी झाले असतील. मग तिने बोटं सैल केली. एक टक. डुबुक.

शेवटी ऊन आलं. छतावर जाळं हलायला लागलं, माझ्या घरी हललं होतं तसंच, थोडं जास्त पिवळं. आजी करणाऱ्या बाईंनी वर पाहिलं. त्यांचा सबंध चेहरा आडव्या उजेडात अर्धा होता आणि त्या अर्ध्यात दीड पान होतं. मुलीने विचारलं, "काय बघतेस?" मला पडद्याची खूण द्यायची होती. ती मी उशिरा दिली.

निकालात आम्हाला पार्श्वसंगीताचं पहिलं मिळालं आणि नेपथ्याचं दुसरं. संगीताच्या पोराने प्रमाणपत्र नातीच्या हातात दिलं, "गोटी तुझी" म्हणून. तिने ते लेखकांकडे दिलं, जिना त्यांचा म्हणून. ते आता संस्थेच्या कपाटात आहे. एका नावाने छापलेलं आहे, पण कुणीच घरी नेलेलं नाही. स्पर्धेत प्रकाशयोजना वेगळी, नेपथ्य वेगळं, संगीत वेगळं असे रकाने असतात आणि परीक्षकांना ते लागतातच, हे मला कळतं. पण त्या छतावरच्या उन्हाला कुठल्या रकान्यात घालायचं ते मला अजून सांगता येणार नाही.

पुढच्या नाटकाचं वाचन ठरलंय. या वेळी दादांनी विंगेत साडी बदलून देणाऱ्या दोन मुलींनाही बोलावलंय. त्यांनी अडीच मिनिटांचे दोन मिनिटं दहा सेकंद कसे केले ते कुणालाच माहीत नाही.

परात आईला परत दिली. आरशाचे तुकडे निघाले, पण एम-सीलचे डाग तळाला राहिलेत. ती आता कणीक मळायला दुसरी घेते, आणि ही तिने माडीवर खिडकीत ठेवलीय, चिमण्यांना पाणी म्हणून.